लघुचित्राचा हाशिया आणि गालिच्याची किनार : दख्खनच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या फारसी काव्याची एक सचित्र हस्तलिखित प्रत आहे. अहमदनगरचा (आजचे अहिल्यानगर) सुलतान पहिला हुसेन निजामशहा याच्या गौरवार्थ आफताबी नावाच्या कवीने हे काव्य रचले. जानेवारी १५६५ मधील राक्षसतागडीच्या युद्धाचे वर्णन त्यात येते. त्याच वर्षी हुसेनशहा मरण पावला आणि काही वर्षे राज्याचा कारभार राणी खुंजा हुमायून हिच्या हाती राहिला. प्रत याच काळातील असावी, असे अभ्यासक मानतात. मूळच्या चौदा चित्रांपैकी बारा आज शिल्लक आहेत व त्यांतील काहींत राणीची आकृती कोणीतरी पुढे पुसून टाकलेली आहे. जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी या काव्याचे संपादन व भाषांतर केले आणि मंडळाने ते १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. दख्खनी लघुचित्रांच्या इतिहासाची सुरुवात बहुधा याच प्रतीपासून केली जाते.

चऱ्होलीहून आळंदी रस्त्याने दिघी, विश्रांतवाडी करीत पुण्याकडे निघाले, की मंडळाच्या वास्तूपर्यंत पोहोचण्यापूर्वी येरवडा लागतो. येरवडा म्हटले की मराठी वाचकाला १९३२ चा करार आणि तेथील राजबंदी आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु याच कारागृहात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गालिचे विणले जात होते आणि त्यांत विजापूरच्या आसार महालातील जुन्या गालिच्यांच्या नकलाही होत्या, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. दरबारी ग्रंथाचे पान एका टोकाला आणि दरबारी गालिच्याची तुरुंगातील नक्कल दुसऱ्या टोकाला, अशी ही दोन टोके एकाच वाटेवर आहेत. प्रस्तुत निबंधात त्या दोहोंमधील संबंधाचा विचार करावयाचा आहे.

लघुचित्र आणि गालिचा यांत साम्य आहे, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा अर्थ काय, हे विचारण्याची गरज कोणास वाटत नाही. दोहोंत फुले आहेत, वेली आहेत, मध्ये एक पदक आणि भोवती चौकट आहे. पण साम्य म्हणजे संबंध नव्हे. चित्रकाराच्या हातची रेषा विणकराच्या मागावर नेमकी कोणत्या वाटेने गेली, त्या वाटेवर तिचे काय झाले आणि दख्खनमध्ये ती वाट होती काय, हे प्रश्न साम्याच्या पलीकडचे आहेत.

शब्दांची साक्ष

प्रथम भाषेकडे पाहू. फारसीत गालिच्याच्या मधल्या भागास ‘मत्न’ म्हणतात. ग्रंथाच्या संहितेलाही हाच शब्द आहे. गालिच्याची किनार म्हणजे ‘हाशिया’ आणि पानाचा समासही हाशियाच. गालिच्याच्या मधोमध येणारे पदक ‘तुरंज’ आणि चार कोपऱ्यांतील त्याचे पाव-पाव तुकडे ‘लचक’. ‘लचक-तुरंज’ ही मांडणी जशी गालिच्याची तशीच चामडी पुठ्ठ्याच्या बांधणीचीही. तुरंज म्हणजे आपले महाळुंग, जे कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात आपण पाहतो ते फळ. पुठ्ठा बांधणारा आणि गालिचा विणणारा एकाच शब्दांत बोलत होते. त्यांच्यापुढील कागदही पुष्कळदा एकाच ठिकाणाहून येत असला पाहिजे, असा तर्क त्यावरून करता येतो.

मराठीने हे शब्द अर्धेमुर्धेच घेतले. ‘नक्श’ या धातूपासून आलेले ‘नक्षी’ व ‘नकाशा’ हे दोन्ही शब्द आपल्याकडे आहेत; एकाचा अर्थ शोभा आणि दुसऱ्याचा आराखडा असा वेगळा झाला. विणकामाच्या संदर्भात मात्र हे दोन अर्थ एकच होते. नक्षी विणायची तर तिचा नकाशा आधी लागतोच. गालिचा, जाजम, सतरंजी, बिछायत हे शब्द मराठी दफ्तरांत सहज वावरतात. अठरा कारखान्यांपैकी फरासखाना हा तंबू, बिछायत आणि गालिच्यांचा कारखाना होता. पुण्याच्या बुधवार पेठेतील फरासखान्याच्या पोलीस चौकीचे नाव घेताना त्या जागी एकेकाळी काय असे, याचे स्मरण आज कोणाला होत असेल तर ते अपघातानेच.

कागदावरून मागावर

या संबंधाचे मूळ पाहण्यासाठी इराणकडे वळणे भाग आहे. पंधराव्या शतकातील तैमुरी लघुचित्रांत जे गालिचे दिसतात ते बहुतेक भौमितिक आहेत. लहान चौकोन, तारे, अष्टकोन यांची पुनरावृत्ती आणि गुंतलेल्या पट्ट्यांची किनार. असे गालिचे प्रत्यक्षात जवळजवळ उरलेले नाहीत. एमी ब्रिग्ज यांनी १९४० आणि १९४६ मध्ये लिहिलेल्या दोन लेखांत केवळ चित्रांच्या आधारे त्यांची रचना मांडली. पुढे बिहजादच्या पिढीत चित्रांतील गालिचे बदलू लागतात. १४८८ च्या कैरो येथील ‘बुस्तान’च्या प्रतीचा उल्लेख या संदर्भात नेहमी होतो. भौमितिक आकृतींच्या जागी वेली, पाने, पदके येतात. सोळाव्या शतकात हे बदल प्रत्यक्ष गालिच्यांतही पूर्णत्वाने दिसतात. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अर्दबीलचा गालिचा. त्यावर हिजरी ९४६ (१५३९-४०) हे वर्ष आणि मकसूद काशानी हे नाव विणलेले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने तो १८९३ मध्ये विकत घेतला. लांबी सुमारे साडेदहा मीटर, रुंदी पाच मीटरांहून थोडी अधिक. त्याच्या मध्यभागी सूर्यासारखे पदक आणि त्याभोवती सोळा लंबगोल लोलक आहेत. फारसी ग्रंथाच्या आरंभी सोन्याने काढलेला ‘शम्सा’ ज्याने पाहिला आहे त्याला हे पदक ओळखीचे वाटल्यावाचून राहणार नाही.

हा बदल कसा झाला असावा? त्याची गुरुकिल्ली ‘किताबखाना’ या संस्थेत आहे. किताबखाना म्हणजे केवळ ग्रंथालय नव्हे. लेखक, चित्रकार, सोनेरी काम करणारे, पुठ्ठेकार हे सर्व तेथे एका छपराखाली काम करीत. तैमुरी राजपुत्र बायसंगुर याच्या किताबखान्याचा प्रमुख जाफर तबरीजी याने १४२०-३० च्या दशकात आपल्या धन्याला पाठविलेली एक अर्जदाश्त इस्तंबूल येथील एका चित्रसंग्रहात चिकटवलेली सापडली. कोण कारागीर कोणत्या कामात आहे याचा तो अहवाल आहे. त्यात एक गृहस्थ पुठ्ठेकार, सोनेरी काम करणारे, तंबू करणारे आणि फरशा घडविणारे यांच्यासाठी आराखडे काढीत असल्याची नोंद आहे. एकाच हातचा आराखडा कागद, कापड आणि माती अशा तिन्ही माध्यमांत उतरत होता, याचा इतका सरळ पुरावा विरळा. म्हणून ‘गालिच्याने चित्राची नक्कल केली’ किंवा ‘चित्राने गालिच्याची’ हे दोन्ही पक्ष मला अपुरे वाटतात. दोघांचा पूर्वज तिसराच आहे, तो म्हणजे आराखड्याचा कागद. तो वापरता वापरता फाटून गेला, म्हणून आपल्याला दिसत नाही.

परंतु कागदावरची रेषा मागावर जशीच्या तशी जात नाही. अर्दबीलच्या गालिच्यात चौरस इंचास सुमारे ३४० गाठी आहेत, म्हणजे एका इंचाच्या रेषेत अठराच्या आसपास. याचा अर्थ त्या गालिच्यातील सर्वांत बारीक रेषाही साधारण दीड मिलिमीटर जाडीची असणार. लघुचित्रकाराची खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढलेली रेषा तिच्यापुढे कोठल्या कोठे बारीक. विणकराला प्रत्येक वळण पायऱ्यापायऱ्यांनी घ्यावे लागते. महाविद्यालयीन वर्गात हे समजावून सांगण्यासाठी गालिचा लागत नाही. कोणत्याही छापील लघुचित्राच्या हाशियातील एखादे फूल मूळ आकारात आलेख-कागदावर उतरवावे, इंचास अठरा चौकोन धरावेत आणि प्रत्येक चौकोन एकाच रंगाने भरावा. देठ जिना होतो, पाकळ्यांची टोके बोथट होतात आणि मानवी चेहरा काढायला गेल्यास त्याचे पार विडंबन होते. म्हणून विणकर फूल मोठे करतो, पाकळ्या कमी करतो, रेषेऐवजी रंगाच्या क्षेत्रावर विसंबतो. दरबारी गालिच्यांत वेली व पदके इतकी यशस्वी का आणि माणसे इतकी क्वचित का, याचे एक कारण धर्मात शोधले जाते. माझ्या मते ते प्रथम गाठींत शोधावे.

मोगल दरबाराने हे बंधन काही काळ झुगारून पाहिले. ‘आईन-इ-अकबरी’त अकबराने गालिचे विणण्यास दिलेल्या उत्तेजनाचा आणि आग्रा, फत्तेपूर व लाहोर येथील कामाचा उल्लेख आहे. बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा एक गालिचा त्या काळाचा साक्षी आहे. त्यात महालातील प्रसंग आहे, चित्ता घेऊन जाणारी बैलगाडी आहे आणि हत्तींना पकडणारा एक कल्पित गजसिंह आहे. हा गालिचा एकाच दिशेने पाहायचा आहे. खालून वर, पान वाचावे तसा. चारही बाजूंनी माणसे बसणार असतील तर तीन बाजूंच्या लोकांना बैलगाडी उलटी किंवा आडवी दिसणार. म्हणजे चित्रकाराचा आराखडा विणकराने बैठकीचा विचार न करता स्वीकारला. कौशल्याच्या दृष्टीने हा गालिचा थक्क करणारा आहे, पण मला तो गालिचा म्हणून फसलेला वाटतो. शाहजहानच्या काळातील गालिच्यांत ओळीने उभी असलेली फुलझाडे येतात. १६२० च्या काश्मीरभेटीनंतर जहांगीरच्या आज्ञेवरून मन्सूरने काढलेल्या फुलांशी आणि त्यानंतरच्या चित्रसंग्रहांच्या हाशियांशी त्यांचे नाते आहे. येथे मात्र चित्र आणि विण यांचा मेळ बसला, कारण एकेकटे उभे फूल गाठींच्या चौकटीत मावते.

चित्रातील गालिचा हा पुरावा किती?

इतिहासाच्या अभ्यासकापुढे येथे एक धोका आहे. लघुचित्रात गालिचा जणू वरून पाहिल्यासारखा, पानाला समांतर दाखविला जातो. त्यावर बसलेली माणसे मात्र समोरून किंवा बाजूने. परिणामी गालिच्याची संपूर्ण रचना विकृत न होता दिसते. इतिहासकाराला याचा मोह होणे स्वाभाविक आहे. युरोपीय चित्रांबाबतही असेच घडले. तुर्की गालिच्यांचे कालनिर्णय करताना ते ज्या चित्रांत दिसतात त्यांचा आधार घेण्यात आला, इतका की काही प्रकारांना होल्बाइन, लोत्तो या चित्रकारांची नावेच पडली. पण तेथील चित्रकार समोर मेजावर पसरलेला गालिचा पाहून रंगवीत होता. फारसी किंवा दख्खनी चित्रकाराला तसे पाहण्याची गरज नव्हती. हाशिया व शम्सा काढण्याचे शिक्षण त्याला किताबखान्यात मिळालेले असे आणि पानातला गालिचा म्हणजे त्याच्या दृष्टीने पानाच्या आत आणखी एक पान.

यावर एक साधी कसोटी सुचवता येते. ती म्हणजे किनारीचा कोपरा. मागावर आडवी किनार आणि उभी किनार यांचा सांधा हा कठीण प्रश्न आहे. पूर्ण आकाराचा आराखडा हाती असेल तर वेल कोपऱ्यात तिरकी वळून सुरळीत पुढे जाते. नसेल तर एक किनार दुसरीवर आदळून तुटते. खेड्यांतील आणि भटक्या टोळ्यांच्या गालिच्यांत ही तुटलेली किनार सर्रास दिसते. चित्रातील गालिच्याचा कोपरा मात्र जवळजवळ नेहमीच निर्दोष असतो, कारण कुंचल्याला तो प्रश्नच पडत नाही. म्हणून चित्रातील गालिच्यावरून रंगसंगती, मांडणीचा प्रकार, दरबारात कोण गालिच्यावर बसे आणि कोण बाहेर उभे राही हे सांगता येते. असा गालिचा त्याच गावी विणला जात होता, असे मात्र सांगता येत नाही.

दख्खनमधील परिस्थिती

दख्खनचा विचार करताना हा सावधपणा दुप्पट लागतो, कारण येथे चित्रे एका ठिकाणची आणि गालिचे दुसऱ्या ठिकाणचे उरले आहेत. अहमदनगर, विजापूर व गोवळकोंडा या तिन्ही दरबारांची चित्रे आहेत. विजापूरच्या ‘नुजूम-अल-उलूम’ या हिजरी ९७८ (१५७०-७१) मधील ग्रंथाची प्रत डब्लिनला आहे. नंतरच्या काळातील उत्तम विजापुरी चित्रे जगभर विखुरली. गालिच्यांची केंद्रे मात्र पूर्वेकडे, एलुरू आणि वारंगळच्या परिसरात. मछलीपट्टणच्या बंदरातून डच व्यापारी ते बाहेर नेत. त्यांतील काही जपानमध्ये पोहोचले आणि क्योटोच्या गिऑन उत्सवातील रथांवर टांगण्यासाठी तेथील मंडळींनी ते शतकानुशतके जपले. दख्खनी गालिच्यांचा एक गट अभ्यासकांनी वेगळा ओळखला तो मुख्यतः या क्योटोच्या संग्रहामुळे. डॅनिएल वॉकर यांनी ते गालिचे तपासले. स्टीव्हन कोहेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात दख्खनी गालिच्यांची एकत्र मांडणी करण्याचा प्रयत्न केला. ही ओळख चित्रातील साम्यावरून नव्हे, तर ताणाबाणा, गाठी आणि सूत यांच्या तपासणीवरून पटली, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे.

मग दख्खनी चित्रकाराचा हात कापडावर कोठेच उतरला नाही काय? उतरला, पण गालिच्यावर नव्हे तर कलमकारीवर. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोवळकोंडा राज्याच्या किनाऱ्यावर रंगविलेल्या सुती कापडांवर लघुचित्रांतील राजपुत्र, मद्यपात्रे घेतलेल्या स्त्रिया, शिकारी, फिरंगी व्यापारी जसेच्या तसे वावरतात. लंडन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत असे रुमाल व बिछायती आहेत. कारण उघड आहे. कलमकारीत कलमाची रेषा रेषाच राहते; तिला गाठींच्या जिन्यावरून चढावे लागत नाही. उष्ण प्रदेशात लोकरीच्या गालिच्यापेक्षा सुती बिछायत सोयीची, हेही खरे. दख्खनी गालिचा त्या मानाने जुन्या फारसी नमुन्यांना धरून राहिला. त्यात कल्पकतेचा अभाव पाहण्याचे कारण नाही. चित्रकाराला दुसरे, अधिक सोपे माध्यम हाताशी होते, इतकाच त्याचा अर्थ.

आसार महाल आणि येरवडा

विजापूरचा आसार महाल मुहंमद आदिलशहाच्या काळात, १६४६ च्या सुमारास न्यायसभेसाठी बांधला गेला व पुढे पैगंबरांच्या अवशेषांचे स्थान झाला. त्याच्या वरच्या मजल्यावरील भिंतींवर चित्रे होती, फुलदाण्या आणि फुले होती. त्याच वास्तूत जुने गालिचे जपले गेले, त्यांपैकी काही आज गोल घुमटाच्या नगारखान्यातील संग्रहालयात आहेत. त्यांचे मूळ काश्मिरी की दख्खनी, यावर मतभेद आहेत; काश्मीरहून ते आले अशी परंपरा सांगते. भिंतीवर रंगविलेले फूल आणि जमिनीवर विणलेले फूल एकाच वास्तूत टिकून राहिल्याचे असे उदाहरण आपल्या परिसरात दुसरे नाही.

एकोणिसाव्या शतकात या गालिच्यांना दुसरा जन्म मिळाला, तो दरबारात नव्हे, तुरुंगात. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर भारतीय गालिच्यांना युरोपात मागणी वाढली आणि सरकारने कैद्यांच्या श्रमावर माग चालविले. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला प्रचंड गालिचा विंडसरच्या राजवाड्यात गेला. जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कडक टीका केली. स्वस्त श्रमामुळे पिढीजात विणकर बुडाले, कृत्रिम रंगांनी डोळे बिघडले, नमुने बाजारू झाले, असा तिचा रोख होता. ती टीका पुष्कळ अंशी खरी होती. पण तिचा एक परिणाम असा झाला की ‘तुरुंगाचा गालिचा’ म्हणजे अभ्यासास अपात्र, असा ग्रह पक्का झाला. मुंबई इलाख्यातील गालिच्यांवर ट्विग यांनी १९०७ मध्ये लिहिलेल्या प्रबंधिकेसारखे काही अपवाद सोडले तर येरवड्याच्या मागांकडे फारसे कोणी वळले नाही.

माझ्या मते हा ग्रह आता सोडावयास हवा, आणि तो भावनेपोटी नव्हे. आसार महालातील गालिच्याची नक्कल करणारा माणूस चित्राकडे पाहत नव्हता. तो गालिच्याकडे पाहत होता. जुन्या गालिच्याची नक्कल करताना पाठीकडून गाठी मोजाव्या लागतात, त्या चौकोनी कागदावर उतरवाव्या लागतात आणि मग रंग ठरवावा लागतो. जो आराखडा किताबखान्यात प्रथम निर्माण झाला आणि नाहीसा झाला, तो येथे उलट दिशेने, विणीवरून कागदावर, पुन्हा तयार झाला. मूळ गालिचे पायांखाली आणि काळाखाली झिजत असताना त्यांच्या मांडणीची ही एक गणती होती. अशा नकलेत जेथे गाठींची संख्या बदलली, जेथे कोपरा तुटला, जेथे मूळच्या आलाच्या किंवा लाखेच्या लालऐवजी कृत्रिम लाल आला, तेथे नक्कल करणाऱ्याची अडचण वाचता येते. अस्सल आणि नक्कल शेजारी ठेवल्यास दोहोंवरून जे कळेल ते एकट्या अस्सलावरून कळणार नाही.

अर्दबीलच्या गालिच्यावर मकसूद काशानीचे नाव आहे, मग तो विणकर असो, आराखडा काढणारा असो वा काम करवून घेणारा. येरवड्याच्या गालिच्यांवर विणणाऱ्याचे नाव नाही आणि असण्याचा प्रश्नही नव्हता. ते काम शिक्षेचा भाग होते. हे गालिचे कारखान्यांच्या विक्रीतून सरकारी बंगल्यांत, क्लबांत, संस्थानिकांच्या वाड्यांत आणि परदेशांत गेले. एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या प्राचार्यकक्षात किंवा ग्रंथालयाच्या दालनातही असा गालिचा अंथरलेला असू शकेल. त्याची नोंद करताना फक्त लांबी-रुंदी लिहून थांबू नये. गालिचा उलटा करावा, पाठीवर एका इंचात आडव्या व उभ्या किती गाठी येतात ते मोजावे, ताण्याचे सूत सुती की लोकरीचे ते पाहावे, चारही कोपऱ्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि रंग उडाला असल्यास लवेच्या मुळाशी तो कसा आहे ते लिहून ठेवावे. पुढे अशा नोंदी विजापूरच्या संग्रहालयातील गालिच्यांशी ताडून पाहता येतील, आणि त्या कामासाठी गालिच्याच्या मालकाला तो जागचा हलवावाही लागणार नाही.